आवाज हेच पान

मराठी पुस्तके आता कानांनीही वाचली जाऊ लागली आहेत. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ मध्ये भारतात आली, तेव्हा इंग्रजी व हिंदीबरोबर तिने मराठीचीही निवड केली. हे स्वागतार्हच होय. मात्र काही अभिवाचक प्रत्येक पात्राला निराळा सूर देण्याच्या हौसेपायी लेखकाचे वाक्यच झाकून टाकतात. पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर सादर करीत, तेव्हा लेखक आणि नट एकच होते. दुसऱ्याच्या पुस्तकाला आवाज देणाऱ्यास ती मुभा नाही. विराम कोठे घ्यावा, आघात कोणत्या शब्दावर द्यावा, यातच त्याची कसोटी असते. शंका आल्यास डोळस श्रोता छापील पुस्तक उघडू शकतो. अनेक अंध विद्यार्थ्यांना मात्र तो आवाज हेच पान असते. त्यांच्यासाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करण्याची वाट कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने मोकळी केली आहे. वर्गात धडा स्वच्छ व शांतपणे वाचून दाखविणाऱ्या शिक्षकांनी या कामी पुढे यावे. तेथे अभिनयाची नव्हे, नेमक्या उच्चाराची गरज आहे.