घरचे इंटरनेट : गरज आणि खर्च

धान्य, दूध आणि वीज यांच्या जोडीला इंटरनेटचे मासिक देयक आता मध्यमवर्गीय गृहस्थाच्या अंदाजपत्रकात कायमचे येऊन बसले आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा भारतात सर्वसामान्यांस खुली केली, तेव्हा ती चैन होती. आज मुलांचा अभ्यास आणि नोकरीचे अर्ज तिच्यावाचून अडतात. मात्र धान्य भरताना घरात खाणारी माणसे किती हे पाहणारा गृहस्थ इंटरनेटची योजना निवडताना तसा हिशेब क्वचितच करतो.

या हिशेबासाठी वेग आणि डेटा या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. नळाची तोटी रुंद असली म्हणजे हंडा लवकर भरतो. पण दिवसाकाठी किती हंडे पाणी लागते, हा प्रश्न निराळा. तोटीची रुंदी म्हणजे वेग. तो सेकंदाला किती मेगाबिट, असा मोजतात. वापरलेले पाणी म्हणजे डेटा. तो गीगाबाइटांत मोजतात.

चौघांच्या एका कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. टीव्हीवर रोज चार तास इंटरनेटवरून एचडी चित्रपट वा मालिका पाहिल्या, तर तासाला सुमारे ३ गीगाबाइट धरून महिन्यास ३६० गीगाबाइट होतात. कार्यालयीन बैठका, मुलांचे वर्ग आणि किरकोळ वापर यांसाठी आणखी १५० धरले, तरी बेरीज ५१० होते. ‘अमर्याद’ म्हणविणाऱ्या अनेक फायबर योजनांत महिन्याची मर्यादा ३,३०० गीगाबाइट असते. ती ओलांडल्यावर वेग उतरतो. या कुटुंबाला तेथवर पोहोचण्याचे कारणच नाही.

मग जादा पैसे जातात कोठे? बहुधा वेगापायी. एचडी चित्रास सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात. चारही जण एकाच वेळी चार पडद्यांपुढे बसले, तरी गरज २० मेगाबिटांची. थोडी सूट ठेवून ४० वा ५० मेगाबिटांची योजना घेतली की काम भागते. त्याहून रुंद तोटीचे पैसे भरले, तरी हंडे तितकेच भरतात.

याउलट, एकट्याने राहणाऱ्या आणि बातम्या व निरोपांपुरते इंटरनेट वापरणाऱ्या निवृत्तास रोजच्या दीड गीगाबाइटचा मोबाइल पॅकही पुरे होतो. मात्र पॅकची मुदत २८ दिवसांची असेल, तर वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात, हे ध्यानात ठेवावे.

जाहिरातीतील रकमेवर बहुधा १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा लागतो. ५०० रुपयांची योजना प्रत्यक्षात ५९० रुपयांना, म्हणजे वर्षाला ७,०८० रुपयांना पडते. वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास सवलत मिळते. परंतु भाड्याच्या घरात राहणाऱ्याने किंवा ज्याची बदली संभवते त्याने, जोडणी नव्या पत्त्यावर नेता येईल काय, हे आधी विचारावे.

गेल्या तीन महिन्यांत किती डेटा खर्च झाला, हे कंपनीच्या ॲपवर सहसा पाहता येते. ते आकडे समोर ठेवून योजना निवडावी. महिन्याला वाचलेले दोनशे रुपये वर्षाअखेर २,४०० होतात; शाळकरी मुलाच्या वह्यापुस्तकांना तेवढा हातभार लहान नव्हे.