कुलूप उघडणारा, पण चोर नव्हे

हॅकर म्हणजे कोण, असे विचारले तर तुम्ही म्हणाल, "चोर! मोबाइलमधले पैसे पळवणारा." दिवाळीपर्यंत मलाही तसेच वाटत होते. पण काही हॅकर भले असतात. ते कुलूप उघडून पाहतात आणि मालकालाच जाऊन सांगतात, की तुमचे कुलूप कच्चे आहे. त्यांची माहिती मी आज देणार आहे.

आधी माझी चूक सांगते. दिवाळीला माझा मामा पुण्याहून आला. तो संगणकाचे काम करतो. त्याच्या बॅगेला आकड्यांचे कुलूप होते. त्याला किल्ली नसते. तीन चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीवर ० ते ९ आकडे असतात. बरोबर आकडा जुळला की ते उघडते. दुपारी सगळे झोपले होते. मला वाटले, बॅगेत आमच्यासाठी फटाके असणार. मी ००० पासून सुरुवात केली. ००१, ००२ असे फिरवत गेले. ४१६ ला कुलूप खटकन उघडले! वीस-बावीस मिनिटे लागली. आत फटाके नव्हते. मामाच्या नोकरीचे कागद होते. तेवढ्यात मामा जागा झाला.

तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "उघडलंस ही हुशारी झाली. पण न विचारता उघडलंस, ही चोरीच झाली." मला रडूच आले. रात्री त्याने बॅग उंच फळीवर ठेवली, तेव्हा तर मला फारच वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले, "मामा, मग हुशारी पण करायची आणि चोरी पण नाही, असं काय असतं?" तेव्हा त्याने मला पुढची माहिती सांगितली.

प्रथम गणित पाहू. तीन चकत्यांचे आकडे किती होतात? १० × १० × १० = १०००. एका आकड्याला ३ सेकंद धरले तर ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे. तेवढ्यात असले कोणतेही कुलूप उघडणारच. सहा आकडे असतील तर १० लाख प्रकार होतात. माणसाला न जेवता, न झोपता सुमारे ३५ दिवस लागतील. पण संगणक दमत नाही. तो भराभर आकडे घालून बघतो. म्हणून मोबाइलवर काही वेळा चुकीचा आकडा घातला, की आपल्याला थांबवतात. ही थांबवण्याची सोयच खरे कुलूप आहे.

आता आनंद प्रकाश यांची गोष्ट ऐका. ते आपल्याच देशातले आहेत. तेव्हा फेसबुकचा पासवर्ड विसरला तर सहा आकड्यांचा संकेत येत असे. तो दहा-बारा वेळा चुकला की फेसबुक थांबवत असे. पण फेसबुकची नव्या गोष्टी तपासून पाहण्याची एक वेगळी जागा होती. तिथे थांबवायची सोयच नव्हती! म्हणजे पुढे पक्के दार आणि मागचे दार उघडे. कोणाच्याही खात्यात शिरता आले असते. आनंद प्रकाश यांनी हे फक्त स्वतःच्या खात्यावर करून पाहिले, दुसऱ्याच्या नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी ते फेसबुकला कळवले. फेसबुकने लगेच दुरुस्ती केली आणि त्यांना १५,००० डॉलर बक्षीस दिले. तेव्हाचे ते सुमारे १० लाख रुपये झाले. गंमत म्हणजे आकडेही १० लाख आणि रुपयेही १० लाख!

असे लोक संगणकाच्या आधीही होते. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कुलपाच्या दुकानात खिडकीत एक कुलूप बरीच वर्षे ठेवलेले होते. किल्लीशिवाय जो उघडेल त्याला २०० गिनी, असे बक्षीस होते. गिनी म्हणजे तिकडचे जुने चलन. १८५१ साली हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर आला. त्याने परवानगी घेऊन, १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खटपट केली आणि ते कुलूप उघडले! त्याला बक्षीस मिळाले.

आता हे पोटापाण्याचे कामही झाले आहे. काही जणांना कंपन्या पगारावर ठेवतात. "आमच्यात खोट शोधा," असे सांगतात. काही जण घरी बसून खोट शोधतात आणि बक्षीस मिळवतात. १९९५ साली नेटस्केप कंपनीने असे बक्षीस सुरू केले. पण खोट सापडली नाही तर काहीच मिळत नाही. दोघांना एकच खोट सापडली तर जो आधी कळवील त्याचे बक्षीस.

या कामाचे नियम असे आहेत :
१. आधी परवानगी. न विचारता दुसऱ्याच्या संगणकात शिरणे कायद्याविरुद्ध आहे. आपल्याकडे त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आहे.
२. दुसऱ्याचे काही बघायचे नाही, घ्यायचे नाही.
३. खोट कुठे आहे, कशी सापडली, धोका काय, हे नीट लिहून मालकाला कळवायचे. आपल्या सरकारची सर्ट-इन नावाची संस्था आहे, तिलाही कळवता येते.
४. दुरुस्ती होईपर्यंत गावभर सांगायचे नाही. नाहीतर चोराला आयतेच सापडते.

मामा म्हणाला, "गणित पाहिजे, संगणकाची भाषा पाहिजे, आणि निबंधसुद्धा चांगला लिहिता आला पाहिजे." निबंध ऐकून मी गप्प बसले.

आता शेवटची गोष्ट. मागच्या महिन्यात चेंडू आणायला मी शाळेच्या मागे गेले. तिथे पाहिले तर तांदळाच्या खोलीच्या खिडकीची कडी निखळली होती. बाहेरून ढकलली की उघडत होती. मैत्रीण म्हणाली, "आत जाऊन बघू." मी नको म्हटले. ती म्हणाली, "मग सगळ्यांना सांगू." मी त्यालाही नको म्हटले. मी एकटी गुरुजींकडे गेले. गुरुजी आधी म्हणाले, "तू तिकडे काय करत होतीस?" माझे पाय लटपटले. पण मी चेंडूपासून सगळे सांगितले. मग ते स्वतः येऊन पाहून गेले. शनिवारी सुतारकाका आले.

हे मी तुम्हांला आज सांगते आहे, कारण आता नवी कडी बसली आहे. आणि मामाला मी पत्र लिहिले आहे, की पुढच्या वेळी बॅग खाली ठेवलीस तरी चालेल.