कुंचला का चालत नाही?

‘तुला कॉम्प्युटरमधले कळते ना?’ असे कोणी विचारले की ताबडतोब ‘नाही’ म्हणावे, हे शहाणपण मला या वर्षी आले. या अंकाच्या संपादक सरांनी डिसेंबरात वर्गात हाच प्रश्न केला, मी मान डोलावली, आणि अंकातली सारी छायाचित्रे ‘जरा नीटनेटकी’ करून देण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. वस्तुतः मला येत होते ते एवढेच, की मोबाईलवर बोट फिरवून चेहरा उजळ करायचा. छपाईसाठी फोटो तयार करणे ही निराळीच विद्या आहे. ती शिकताना मी जेथे जेथे ठेचकाळले, तेथे पहिल्यांदा बसणारा बहुतेक प्रत्येकजण ठेचकाळतो असे मागाहून समजले. म्हणून हा खटाटोप.

आमच्या संगणक-कक्षात ‘गिम्प’ नावाचा प्रोग्राम आहे. फोटोशॉपचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण त्याची वर्गणी भरावी लागते. गिम्प फुकट आहे. त्याहून मला आवडलेली गोष्ट अशी, की तो विद्यार्थ्यांनी लिहिलेला आहे. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी १९९५ साली त्यास आरंभ केला आणि १९९६ साली तो लोकांपुढे ठेवला. पुढे जगभरच्या हौशी माणसांनी स्वखुशीने त्यात भर घातली. विद्यार्थ्यांनी लिहिला म्हणजे विद्यार्थ्यांना सोपा जाईल, ही माझी समजूत मात्र पहिल्या दहा मिनिटांत गेली.

पहिला दिवस कुंचल्यापायी वाया गेला. कुंचला घेतला, काळा रंग घेतला, फोटोवर ओढला, काही उमटेना. माउस बदलून पाहिला. शेजारच्या यंत्रावर जाऊन बसले तर तेथे कुंचला छान चालतो! परत आपल्या जागी आले तर याचा हट्ट कायम. मी यंत्राला दोष देऊन मोकळी झाले. खरी गोष्ट अशी होती, की त्याआधी खेळता खेळता मी ‘सिलेक्शन’चे हत्यार फोटोच्या कोपऱ्यात किंचित ओढले होते आणि तेथे बाजरीच्या दाण्याएवढा एक चौकोन निवडला गेला होता. एकदा निवड झाली की तिच्याबाहेर रंग लागतच नाही. ट्रकवर नंबर घालणारा पेंटर पत्र्याचा कापलेला साचा धरतो आणि वरून कितीही रंग फासला तरी तो भोकांपुरताच उतरतो. तसाच हा प्रकार. निवडीच्या कडेने मुंग्यांच्या रांगेसारखी एक तुटक रेघ सरकत असते, पण फोटो मोठा करून पाहात असलो तर ती रांग पडद्याबाहेर राहते आणि आपण बसतो माउस आपटत. उपाय एकच: कंट्रोल, शिफ्ट आणि ए ही तीन बटणे एकदम दाबावीत, निवड मोडते. मी फोटोशॉपचे धडे पाहून कंट्रोल आणि डी दाबीत होते. फोटोशॉपमध्ये त्याने निवड मोडते हे खरे; गिम्पमध्ये त्याने आख्ख्या फोटोची नवी प्रत उघडते. सायंकाळी शिपाई कक्षाला कुलूप लावायला आले तेव्हा पडद्यावर एकाच फोटोच्या अकरा प्रती होत्या.

कुंचला रुसण्याचे दुसरे कारण म्हणजे थर, अर्थात ‘लेअर’. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपण नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवतो, एकावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते. तसे येथे चित्राचे थर एकावर एक असतात. रंग लागतो तो यादीत ज्या थरावर आपण उभे असू त्यालाच. वरच्या थराने तो झाकला असेल तर रंग लागूनही दिसत नाही. शिवाय थराला स्वतःची हद्द असते, ती पिवळ्या-काळ्या तुटक रेघेने दाखवलेली असते, आणि हद्दीबाहेर काही उमटत नाही. आमच्या कक्षातली गिम्पची आवृत्ती जुनी आहे. तिच्यात एका फोटोतला तुकडा दुसऱ्यात चिकटवला की तो लगेच थर होत नाही, अधांतरी तरंगत राहतो, आणि तो तरंगतो आहे तोवर बाकी थर आपले ऐकत नाहीत. यादीखाली नांगराचे चित्र असते त्याचा अर्थ मला कित्येक दिवस लागला नव्हता. घरी विचारावे असे कोणी नाही, आणि सरांना दर तासाला विचारायची लाज वाटे. नांगर दाबला की तुकडा खालच्या थरात कायमचा रुततो. तो वेगळा हवा असेल तर ‘नवा थर’ हे बटण दाबावे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत चिकटवलेला तुकडा आपोआप नवा थर होतो, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मंडळींचा हा जाच कदाचित वाचेल.

बारीकसारीक अडचणी पुष्कळ. खोडरबर फिरवला की आरपार होण्याऐवजी पांढरे डाग पडतात, कारण जेपेग फोटोला पारदर्शकपणाची सोय मुळातच नसते. ‘लेअर’ या यादीतून अल्फा चॅनेल आधी जोडून घ्यावा लागतो. लाल रंग घेतला आणि राखाडी उमटला तर समजावे की फोटो कृष्णधवल प्रकारात उघडला आहे; ‘इमेज’ या यादीत ‘मोड’मध्ये जाऊन तो आर-जी-बी करावा. असो.

आता ज्या चुकीने मला एस. टी.चा प्रवास घडवला ती सांगते. आपल्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एका सेवककाकांकडे १९८७ सालचा एक समूह-फोटो आहे. ग्रंथालयातील सारी मंडळी आणि त्या वर्षीचे विद्यार्थी त्यात आहेत. महाविद्यालयाच्या दप्तरात त्याची प्रत नाही. काकांनी चौकटीच्या मागचे खिळे काढून फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला, कार्यालयातल्या स्कॅनरवर मी तो घेतला, आणि काका तो घेऊन गावी परतले.

फोटो दहा इंच बाय आठ इंचांचा. एका इंचात ३०० ठिपके या हिशेबाने ३००० बाय २४०० ठिपके, म्हणजे पिक्सेल, हाती आले. छापखान्याला इंचाला ३०० ठिपके लागतात, तेव्हा पाच इंच रुंद छापायचा तर १५०० पिक्सेल पुरतात. सामग्री भरपूर होती. मी तीन दिवस खपून फोटोवरचे डाग काढले. सरांनी नमुना मोबाईलवर मागितला, म्हणून त्याची रुंदी ६०० पिक्सेल केली, आणि फाइलच्या यादीतले ‘ओव्हरराइट’ दाबले. या शब्दाचा अर्थ ‘त्यावरच लिही’ असा होतो हे मला माहीत होते; ‘त्यावरच’ म्हणजे कशावर, हे लक्षात आले नाही. मूळ स्कॅनच्या जागी सहाशे पिक्सेलचे पिल्लू बसले. खिडकी बंद केली तशी मागे फिरण्याची वाटही बंद झाली, कारण केलेले उलटवण्याची सोय फाइल उघडी आहे तोवरच असते.

मग मी त्या पिल्लाला पुन्हा ३००० पिक्सेल केले. आकार वाढला, पण चेहरे पिठाच्या गोळ्यासारखे झाले. जे ठिपके टाकून दिले ते प्रोग्राम परत आणीत नाही. शेजारच्या ठिपक्यांवरून अदमासाने मधली जागा भरतो. एका मैत्रिणीने सुचवले, की रिझोल्यूशनच्या रकान्यात नुसते ३०० लिही. तेही केले. त्याने फोटो सुधारत नाही, फक्त कागदावर केवढा पडेल तेवढे ठरते: ६०० पिक्सेल, इंचाला ३००, म्हणजे रुंदी दोन इंच. दोन इंचांत चाळीस माणसे!

त्यातच जेपेगचा स्वभाव आडवा येतो. १९९२ साली प्रमाण ठरलेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा तपशील प्रत्येकातून टाकून देते. फाइल लहान होते हा तिचा गुण. परंतु उघडा, बदला, पुन्हा जेपेगमध्ये ठेवा, असे दहादा केले की नुकसान साचत जाते आणि कडांभोवती गढूळपणा दिसू लागतो. २०१२ सालच्या २.८ या आवृत्तीपासून गिम्प ‘सेव्ह’ म्हटले की फक्त स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात ठेवतो, थरांसकट. जेपेग हवे तर वेगळे ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. या नियमावर मी महिनाभर चिडत होते. तो माझ्यासारख्यांसाठीच केला असावा.

शेवटी रविवारी काकांच्या गावी गेले. घडला प्रकार सांगितला आणि माझे तीन दिवसांचे काम अगदीच वाया गेले नाही हे दाखवावे म्हणून तो लहान फोटो मोबाईलवर त्यांच्यापुढे धरला. काकांनी चष्मा लावला, मागच्या रांगेवर बोट ठेवले आणि म्हणाले, “अगं पोरी, माझा बिल्ला कुठं गेला?”

भिंतीवरच्या मूळ फोटोत त्यांच्या छातीवर तिरक्या पट्ट्यावर पितळी बिल्ला आहे. प्रकाश पडून तो पांढरा ठिपका झाला आहे. मी तो डाग समजले होते. नोकरीत कायम झाले त्या आठवड्यात तो त्यांना मिळाला होता, आणि फोटो त्याच्या दुसऱ्या महिन्यातला.

डाग काढायची हत्यारे दोन. ‘क्लोन’ एका जागेचा तुकडा जशाच्या तसा दुसऱ्या जागी डकवते. ‘हील’ पोत तिकडून घेते आणि उजेड-अंधार इकडचा ठेवते, म्हणून कापडावर, भिंतीवर सांधा दिसत नाही. मात्र गडद कडेजवळ ते रंग फराटून टाकते, तेथे क्लोनच बरे. दोन्हींना आधी कंट्रोल धरून ‘कोठून घ्यायचे’ ते दाखवावे लागते, नाहीतर ती काम करीत नाहीत. नवशिक्याला हत्यार बिघडले असे वाटते ते यामुळेच. बिल्ल्यावर मी ‘हील’ फिरवले होते, सदऱ्याचा पोत उचलून. काम इतके बेमालूम झाले होते की मला त्याचा अभिमान वाटत होता. माझ्या हातून स्कॅन बुडाला नसता तर तोच फोटो या अंकात छापला गेला असता आणि काकांनी तो छापील पानावर पाहिला असता.

काकांनी खिळे पुन्हा काढले. “या खेपेला नीट जप,” एवढेच म्हणाले.

आता स्कॅन इंचाला ६०० ठिपक्यांनी घेतला आहे. मूळ फाइलला मी हात लावलेला नाही. डाग काढण्याचे काम वरच्या वेगळ्या, पारदर्शक थरावर केले आहे, त्यासाठी हत्याराच्या पर्यायांत ‘सॅम्पल मर्ज्ड’ला खूण करावी लागते. तो थर झाकला की खालचा फोटो जसाच्या तसा दिसतो. एक्ससीएफची एक प्रत ग्रंथालयात दिली आहे, एक माझ्या पेनड्राइव्हवर आहे. डाव्या कोपऱ्यातली चीर तशीच ठेवली, कारण ती एका विद्यार्थिनीच्या हातावरून जाते आणि तिच्या हातात पुस्तक होते की वही, हे काकांनाही आठवत नाही.

फोटो याच अंकात आहे. मागच्या रांगेत डावीकडून पहिले काका. छातीवर पांढरा ठिपका दिसेल. तो छपाईचा दोष नव्हे.