उशाशी एक स्टूल

काही वर्षांपूर्वी हुबळीच्या एका खासगी इस्पितळात माझ्या भाचीचे दुसरे बाळंतपण झाले. ती मिरजेची, पहिल्या खेपेस रिवाजाप्रमाणे माहेरी गेली होती आणि तेथे सिझर झाले होते, म्हणून या वेळी सासरीच राहून, दिवस ठरवून शस्त्रक्रिया करावी असे डॉक्टरांनी सुचविले. मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केलेला, पण डोळे उघडे आणि कान जागे; छातीवर हिरव्या कापडाचा पडदा, आणि पडद्यापलीकडचे सारे बोलणे कन्नडमध्ये, जे तिला भाजीबाजारापुरतेच येत होते. बाळ बाहेर काढल्याचे तिला जाणवले, रडणे मात्र ऐकू येईना. "बाळ का रडत नाही?" असे तिने दोनदा मराठीत विचारले. भूल देणाऱ्या डॉक्टरांना शब्द कळले नाहीत, पण भीती कळली असावी. त्यांनी तिच्या कपाळावर तळहात ठेवला आणि "आय्तु, आय्तु", म्हणजे झाले, झाले, एवढेच म्हटले. मग बाळ रडले. त्या वेळी तिचा नवरा, ज्याला कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा सारख्याच येतात, दाराबाहेरच्या बाकावर तिच्या बांगड्या आणि मंगळसूत्र रुमालात बांधून बसला होता. संमतिपत्रावर त्याची सही इस्पितळाने आधीच घेतली होती.

तो बाक आणि ती उशी यांत अंतर पंधरा-वीस पावलांचे असेल. पण एवढे अंतर ओलांडण्याची मुभा आपल्याकडच्या बहुतेक इस्पितळांत नवऱ्याला नाही, आणि त्यामागे कोणाचा दुष्टावा नसून एक जुना दस्तूर आहे. ज्या काळी प्रसूतीची शस्त्रक्रिया स्त्रीला पूर्ण बेशुद्ध करूनच होत असे, त्या काळी तिच्याजवळ आप्त असण्यात काही प्रयोजन नव्हते. जर्मन शल्यविशारद आउगुस्ट बीअर याने 1898 मध्ये मणक्यातून भूल देण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली, आणि पुढे तीच सिझरसाठी सर्वमान्य ठरली. आई जागी राहू लागली, परंतु दाराचा मज्जाव मात्र ती बेशुद्ध असल्यासारखाच कायम राहिला. आणि हा प्रश्न आता थोडक्या स्त्रियांचा उरलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात शेकडा 21.5 प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, तर कर्नाटकात हे प्रमाण शेकडा 31.5 होते.

वैद्यक मंडळींच्या हरकती मात्र मनापासून ऐकून घेतल्या पाहिजेत, कारण त्या अनुभवातून आलेल्या आहेत. बाहेरचा माणूस निर्जंतुक कापडाला हात लावील, रक्त पाहून घेरी येऊन पडेल, आणि मग आईकडे पाहायचे की त्याच्याकडे, ही पहिली भीती. जागा अपुरी, माणसे थोडी, ही दुसरी. तिसरी भीती सहसा हलक्या आवाजात सांगितली जाते, पण माझ्या मते तीच सर्वांत खोल आहे: रक्तस्राव वाढला, बाळ गुदमरले, आणि घाईचे दोन शब्द नवऱ्याच्या कानी पडले, तर उद्या त्याची तक्रार होईल, कदाचित हातघाईही होईल. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, आणि 2009 मध्ये कर्नाटक सरकारला इस्पितळातील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. या दोन गोष्टी ज्याने ध्यानात घेतल्या, तो डॉक्टरांच्या धास्तीला क्षुल्लक म्हणणार नाही.

तरीही बंद दार हा त्या धास्तीवरचा उपाय आहे, असे मला वाटत नाही. ज्याने काहीच पाहिले नाही, त्याच्या मनात संशयाला मोकळे रान मिळते. ज्याने डॉक्टरांची धावपळ डोळ्यांनी पाहिली, त्याला निदान प्रयत्नांची शिकस्त झाली एवढे तरी ठाऊक असते. जंतुसंसर्गाचे आणि घेरीचे म्हणाल, तर सोबत्याची जागा पडद्याच्या अलीकडे, आईच्या उशाशी, भूलतज्ज्ञाच्या शेजारी असते. तेथून जखम दिसत नाही, आणि इस्पितळाचे कपडे, टोपी व मास्क घालून स्टुलावर बसलेल्या माणसाला चक्कर आलीच तर त्याला बाहेर नेणे अवघड नाही. पाश्चात्त्य देशांत 1970 नंतरच्या काळात याच शंकांचा सामना करीत ही प्रथा रूढ झाली. पूर्ण भूल द्यावी लागली किंवा जिवावरचा प्रसंग ओढवला, तर सोबत्याने बाहेर थांबावे, हा तेथील सर्वसाधारण नियमही रास्तच आहे.

आपल्या सरकारचेही या दिशेने एक पाऊल पडलेले आहे. 2016 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी इस्पितळांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा, तिने कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी घातल्या, आणि जेथे इतर स्त्रियांची अब्रू राखण्याची तजवीज आहे तेथे नवऱ्यालाही मुभा ठेवली. ही शेवटची अट वाचताना मला किम्स या नावाने ओळखले गेलेले हुबळीचे सरकारी इस्पितळ आठवते: आसपासच्या जिल्ह्यांतून तेथे येणाऱ्या बायांनी प्रसूतिकक्ष भरलेला असताना पुरुषाला आत घेणे खरोखर कठीण, पण ज्या शस्त्रक्रियागृहात एका वेळी एकच टेबल चालू असते, तेथे हीच अडचण उरत नाही. म्हणजे जेथे नवऱ्याला जागा देणे सोपे, तेथेच आपण त्याला सर्वांत कडक मज्जाव केला आहे.

सोबत नवऱ्याचीच हवी, असा माझा हट्ट नाही. कोणाला आई हवी असेल, कोणाला थोरली बहीण, कोणाला कोणीच नको असेल. निवड जिला टेबलावर निजायचे आहे तिची असावी, सासूची नव्हे आणि इस्पितळाचीही नव्हे.

हुबळी-धारवाडच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना माझी विनंती एवढीच, की आरंभ दिवसा, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांपासून करावा, आणि सोबत्याला आदल्या दिवशी दहा मिनिटे बसवून कोठे बसायचे, कशाला हात लावायचा नाही, केव्हा मुकाट्याने उठून जायचे, हे समजावून द्यावे. आणि ज्यांच्या घरी बाळंतपण जवळ आले आहे त्यांनी सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीतच हा विषय काढावा. शस्त्रक्रियेच्या दिवशी, दाराशी उभे राहून, तो काढू नये.