उसावरील पाकोळी व तिचा परोपजीवी शत्रू : बाह्य लक्षणांवरून ओळख

प्रस्तावना

१९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांमुळे प्रवरा खोऱ्यात उसाचे क्षेत्र विस्तारले. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा व परिसर याच पट्ट्यात मोडतो. उसाच्या पानांतील रस शोषणाऱ्या किडींमध्ये पाकोळी ही महत्त्वाची कीड होय. पाकोळी दिसताच कीटकनाशक फवारण्याकडे सर्वसाधारण कल असतो. परंतु पुष्कळदा त्याच पानावर तिचा नैसर्गिक शत्रूही वास्तव्य करीत असतो. किडीची अंडी व शत्रूचे कोष दोन्ही पांढरेच दिसत असल्याने त्यांतील भेद जाणणे अगत्याचे ठरते.

पाकोळीची लक्षणे

पाकोळीचे शास्त्रीय नाव पायरिला परप्युसिला असे आहे. उन्हाळ्यात झाडांवर कर्कश आवाज करणारा सिकाडा व पाकोळी हे दोन्ही कीटक हेमिप्टेरा या एकाच गणातील आहेत. दोघांचेही पंख विसावताना घराच्या छपरासारखे उतरते मिटतात. तथापि, सिकाडाच्या माथ्यावर तीन साधे नेत्र असतात व शृंगिका दोन डोळ्यांच्या मधल्या भागात असतात, तर पाकोळीच्या शृंगिका डोळ्यांखाली असतात. पाकोळीचा रंग वाळलेल्या गवतासारखा असून डोके चोचीप्रमाणे पुढे आलेले असते. पिलांच्या शरीराच्या शेवटी पिसांसारखे दोन लांब पांढरे तंतू असतात. पाकोळीने सोडलेल्या चिकट गोड स्रावावर काळी बुरशी वाढते व पानाच्या प्रकाशसंश्लेषणात अडथळा येतो.

परोपजीवी शत्रूची लक्षणे

एपिरिकॅनिया मेलॅनोल्यूका हा एक लहान पतंग आहे. त्याची अळी पाकोळीच्या पिलांच्या व प्रौढांच्या अंगाला बाहेरून चिकटून राहते आणि त्यांचे शरीरद्रव्य शोषते. पूर्ण वाढलेल्या अळीवर मेणासारखे पांढरे आवरण असते. पुढे ती पाकोळीला सोडून उसाच्या पानावर कोष विणते.

दोहोंतील भेद

पाकोळीची अंडी बहुधा पानाच्या खालच्या बाजूस पुंजक्याने असतात व त्यांवर कापसासारखे मेणतंतू पसरलेले असतात. हे तंतू हलक्या हाताने बाजूस सारल्यास ओळीने घातलेली अंडी दिसतात. याउलट, पतंगाचा कोष लंबगोल, घट्ट विणीचा व पानास पक्का चिकटलेला असून त्याखाली अंड्यांच्या ओळी आढळत नाहीत. पाकोळीच्या पाठीवर पांढरा गोळा चिकटलेला दिसल्यास ती परोपजीवी अळी समजावी.

निष्कर्ष

पांढरा पुंजका व पांढरा कोष यांतील फरक साध्या भिंगाने, सरावानंतर नुसत्या डोळ्यांनीही, ओळखता येतो. कोष व परोपजीवी अळ्या मुबलक असताना फवारणी केल्यास किडीबरोबर तिचा शत्रूही नष्ट होतो आणि उरलेली पाकोळी निर्वेध वाढते. तोडणीनंतर पाचट जाळल्यास त्यावरील कोषही जळतात. त्यामुळे फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी पाने उलटून पाहणे हितावह ठरते. महाविद्यालयीन प्राणिशास्त्राच्या क्षेत्रभेटीत या निरीक्षणाचा समावेश केल्यास वर्गीकरणाचे ज्ञान विद्यार्थ्यांमार्फत थेट बांधापर्यंत पोहोचू शकेल.