कॅथेटरवरचा निसरडा लेप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी किंवा मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचे उपचार करताना मनगटातून किंवा जांघेतून आधी बारीक तार (गाइडवायर) आणि मग नळी (कॅथेटर) आत सरकवतात. यांतल्या बऱ्याच साधनांवर निसरडा लेप असतो. त्याबद्दल बेफिकिरीही दिसते आणि धास्तीही.

गैरसमज: लेप नसता तर धोकाच नसता.
वस्तुस्थिती: काही लेप टेफ्लॉनच्या जातीचे असतात, काही पाणी शोषणाऱ्या पॉलिमरचे. दुसरा प्रकार सलाइनमध्ये भिजला की सब्जासारखा बुळबुळीत होतो. त्यामुळे घर्षण कमी होतं, धमनी आकसण्याची शक्यता घटते आणि आतल्या अस्तराला इजा कमी होते. लेप आहे तो सुरक्षिततेसाठीच.

गैरसमज: कंपनीने लावलेला लेप निघत नाही.
वस्तुस्थिती: क्वचित निघतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने नोव्हेंबर 2015 मध्ये याबाबत इशारा दिला. 2014 पासून तिच्याकडे अशा सुमारे 500 नोंदी आल्या होत्या. सुटलेला कण रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसात, हृदयात किंवा मेंदूत अडकू शकतो. मृत्यूच्या नोंदीही त्यात होत्या. तरीही उपचाराचा फायदा या धोक्याहून मोठा आहे, असंच एफडीएने सांगितलं.

गैरसमज: लेप सुटला म्हणजे माल सदोष.
वस्तुस्थिती: उत्पादनातला दोष हे एकच कारण नाही. वेड्यावाकड्या, अरुंद रक्तवाहिनीत जोर लावणं, दोन साधनांमध्ये पुरेशी जागा नसणं, चुकीच्या द्रवात भिजवणं, नीट न साठवणं, हीही कारणं आहेत. लेप असलेली तार धातूच्या सुईतून मागे ओढली तर सुईच्या धारेने लेप खरवडला जातो. म्हणून कॅथलॅबमधली शिस्त महत्त्वाची.

गैरसमज: कॅथेटर निर्जंतुक करून पुन्हा वापरलं तर बिघडत नाही.
वस्तुस्थिती: खोक्यावर वर्तुळात 2 हा आकडा काट मारून छापलेला असेल, तर ते साधन एकदाच वापरायचं असतं. धुण्याने आणि पुन्हा निर्जंतुक करण्याने लेप कमकुवत होऊ शकतो.

गैरसमज: त्रास व्हायचा तर टेबलावरच होतो.
वस्तुस्थिती: काही रुग्णांच्या मनगटावर दोन-तीन आठवड्यांनी लाल, दुखरी गाठ येते. पू झाला असं वाटतं, पण तपासणीत जंतू सापडत नाहीत. ती त्वचेखाली राहिलेल्या लेपाची प्रतिक्रिया असू शकते. मात्र गाठ संसर्गाची किंवा फुगलेल्या धमनीचीही असू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवावीच. मेंदूतही उशिरा सूज आल्याची उदाहरणं आहेत. हे कण साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाहीत. अशा वेळी जुन्या उपचाराचे कागद उपयोगी पडतात.

गैरसमज: औषधाचा लेप म्हणजे हाच लेप.
वस्तुस्थिती: औषध लावलेल्या फुग्याचं काम वेगळं, त्यावरची चर्चाही वेगळी. पायाच्या धमन्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पॅक्लिटॅक्सेल या औषधामुळे मृत्यू वाढतात, अशी शंका 2018 मध्ये निघाली. अधिक माहिती तपासल्यावर 2023 मध्ये एफडीएने तिला आधार नसल्याचं सांगितलं.

रुग्णाने काय करावं?
या भीतीने अँजिओप्लास्टी टाळू नये. साधन नवं आहे ना, हे आधी विचारावं. डिस्चार्जच्या कागदांत वापरलेल्या साधनांची नावं मागावीत. भारतात 2015 पासून वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. उपकरणामुळे त्रास झाल्याची शंका आली, तर डॉक्टरांना तिथे नोंद करायला सांगावं. नोंदी झाल्या, तरच सदोष माल आणि चुकीच्या पद्धती ध्यानात येतात.