खेळातली दुनिया घडविणारे हात

बदलापूर लोकलमध्ये मोबाइलवर खेळणारी मुले आपण रोज पाहतो. हजारो माणसे एकाच वेळी जीत वावरतात, ती अद्भुत दुनिया निर्माण कोण करतो? आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हा प्रश्न आम्हांला आधी सुचतो.

असा खेळ रचणाऱ्या मंडळींचा एक प्रमुख असतो. त्याचे काम सूत्रधाराचे. इथले देव कोण, जादूची मर्यादा किती, हरलेल्याने पुन्हा कसे उठावे, हे तो ठरवितो. चित्रकार, कथाकार, संगीतकार, संगणकाची आज्ञावली लिहिणारे, या साऱ्यांचे काम एका कल्पनेत बसते ना, हेही तोच पाहतो. पडदा पडला की नाटक संपते. हा खेळ रात्रंदिवस चालतो, म्हणून त्याची घडणही थांबत नाही.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने २०२४ साली ‘इंडस’ आणला. भारतीय कल्पना आणि भविष्यकाळ यांची त्यात सांगड आहे. अमेरिकेतला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ तर २००४ पासून चालू आहे. तो घडविणाऱ्या पाचशेहून अधिक चित्रकार, रचनाकार व चाचणी घेणाऱ्यांनी २०२४ मध्ये युनियन बांधली.

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ च्या शिलालेखात शिलाहार राजाचे नाव आहे. पाथरवटांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. उद्या आपली मुले या नव्या धंद्यात जातील. सूत्रधाराचा मान त्याला जरूर द्यावा. पण नाव आणि दाम प्रत्येक हाताला मिळाले पाहिजे.